जुन्या वेगाची होडी

होळीनंतरच्या सोमवारी सकाळी, दवाखाना नुकताच उघडला असताना, मंदाकिनी तांडेल यांनी हात-उपचार खोलीतला नवा संगणक पडद्यासकट व्हरांड्यात आणला, केसपेपरच्या टेबलावर ठेवला, पाण्याच्या कूलरचा प्लग काढून तिथे संगणकाचा लावला आणि दवाखान्याच्या व्यवस्थापकांना रांगेतल्या रुग्णांसमोर गेम खेळायला बसवले. दवाखाना बोईसरचा, औद्योगिक वसाहतीला लागून असलेला, एका विश्वस्त संस्थेचा. मंदाताई तिथे ऑक्युपेशनल थेरपिस्ट होत्या. यंत्राखाली सापडून शिवलेल्या हातांना पुन्हा काम शिकवणे हा त्यांचा व्यवसाय. गेम शर्यतीचा होता, वीस-बावीस वर्षांपूर्वीचा. व्यवस्थापकांचे दोन्ही हात धडधाकट होते.

माझी आणि मंदाताईंची पहिली भेट भांडणाने झाली होती. मी एका जिल्हा दैनिकाचा बोईसरचा बातमीदार. वसाहतीतल्या एका कारखान्यात कामगाराची दोन बोटे गेल्याची चार ओळींची बातमी मी दिली होती. तिची सुरुवात 'यंत्रात हात अडकल्याने' अशी होती. जखमीची चौकशी करायला दवाखान्यात गेलो तेव्हा मंदाताईंच्या टेबलावर तो अंक होता. त्यांनी मला बसायला सांगितले नाही.

"हे तू लिवलंस?"

"हो."

"हात काय करायला गेलेला यंत्रात? भाजी आणायला?"

बातमीत असेच लिहितात, असे मी म्हणालो.

"तेच तर. असंच लिवतात. हात अडकला, हात सापडला, हात गेला. सगळं हातानंच केलं, यंत्र बिचारं उभं होतं. त्याचं गार्ड कुणी काढून ठेवलेलं, ते विचारलंस? नाय ना? पुढच्या वेळी लिव, यंत्रानं हात धरला."

पुढच्या वेळी मी तसे लिहिले. उपसंपादकाने ते बदलून 'हात अडकल्याने' केले. मंदाताईंनी तीही बातमी मला वाचून दाखवली, मोठ्याने, चार रुग्णांसमोर.

त्या सातपाटीच्या. आई पालघरच्या बाजारात मासळी घेऊन बसायची आणि शाळेला सुट्टी असली की मंदाताई तिच्या शेजारी. शिक्षण मुंबईत झाले, नोकरीसाठी त्या परत आल्या. पन्नाशी ओलांडली होती. आवाज बाजारातच तयार झालेला. व्हरांड्याच्या एका टोकाला त्या बोलल्या की दुसऱ्या टोकाचा माणूस आपल्यालाच बोलल्या असे समजून वळायचा. पांढऱ्या कोटाच्या खिशात पेनाशेजारी जाळे विणायची सुई असे. रुग्णांना त्या जाळे विणायला लावत, गाठी सोडवायला लावत, कोळंबी सोलायला लावत. खोलीत कोळंबीचा वास येतो, अशी तक्रार विश्वस्तांपर्यंत गेली होती. मंदाताईंचे उत्तर होते, "त्यांची बोटं मुडपायला लागलीत ना, मग तुमी नाकं मुरडा खुशाल."

प्रत्येक नव्या रुग्णाला त्यांचा पहिला प्रश्न एकच असे: "तुझा हात चुकला, असं कुणी सांगितलं तुला?" कोणी तरी सांगितलेलेच असायचे. सुपरवायझरने, ठेकेदाराने, क्वचित घरच्यांनीही. उत्तर ऐकले की त्या हात आपल्या हातात घेत आणि म्हणत, "आधी मशीन तपासायचं, मग हात. उलटं केलंस तर इथून चालता हो."

आता गेमविषयी. तारापूरच्या कॉलनीतल्या एका कुटुंबाने मुलगा परदेशी गेल्यावर त्याचा जुना संगणक दवाखान्याला दिला होता. फुगीर काचेचा पडदा, पिवळी पडलेली पेटी. त्यात हा गेम राहून गेला होता. भविष्यातले शहर, उंच इमारतींमधून वळत गेलेला उजळ मार्ग आणि त्याच्यावर चाकांशिवाय तरंगत धावणारी याने. मंदाताई तो पुसून टाकणार होत्या. त्याआधी एक रुग्ण, जो व्यायाम म्हटला की रडायचा, आपली पाळी येईपर्यंत त्या संगणकापुढे बसला आणि दुखऱ्या हाताने खेळू लागला. हात दुखतो हे तो विसरला होता. मंदाताईंनी त्याला थांबवले नाही. घरी जाताना गेमही पुसला नाही.

या गेममध्ये यान वळवायला बाण असलेल्या कळा पुरत नाहीत. अवघड वळणावर डाव्या किंवा उजव्या बाजूचा हवेचा ब्रेक दाबून धरावा लागतो आणि वळण सरताना हळूहळू सोडावा लागतो. मंदाताईंनी ब्रेकच्या कळा बदलून अशा जागी आणल्या की त्या अनामिकेने आणि करंगळीनेच दाबाव्या लागाव्यात. शिवलेल्या बोटाला हेच हवे असते: हलके दाबणे, धरणे, सोडणे. शर्यतीची सर्वात संथ पातळी त्यांनी ठरवून घेतली होती. तिथले प्रत्येक वळण त्यांना पाठ होते. "बोगदा सरला की करंगळी, पुलावर अनामिका, उतारावर कुणीच नाय, बोटं सैल सोड," असे त्या मागे उभ्या राहून सांगत. यानाला त्या होडी म्हणत, म्हणून सगळेच होडी म्हणू लागले. उत्तरेकडचे कामगार म्हणत, "दीदी, आज नाव डूब गई." दीदी म्हणत, "नाव नहीं डूबी, तूने चप्पू छोड़ दिया. फिर से."

संगणक बरोबर चालतो आहे की नाही, हे त्या सकाळी स्वतः तपासत. खुर्चीत बसून डोळे मिटून एक फेरी मारायच्या. मार्ग पाठ, वेग ओळखीचा. होडी कुठेही न घासता परत आली की डोळे उघडून पहिल्या रुग्णाला हाक. मी एकदा विचारले, डोळे का मिटता? "डोळ्याला गंडवता येतं रे. बोटाला नाय."

देवराम धोडी त्यांच्याकडे आला तो ऐन थंडीत. विक्रमगडच्या पुढच्या एका पाड्यावरचा, तिशीचा, ठेकेदारामार्फत पॉवर प्रेसवर लागलेला. उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या, बोट वाकवणाऱ्या कंडरा तुटल्या होत्या. मंदाताई त्यांना दोऱ्या म्हणत. शस्त्रक्रिया चांगली झाली होती. दोऱ्या जुळल्या होत्या, पण शिवलेली दोरी पक्की व्हायला महिने लागतात आणि तोवर तिच्यावर भार पडला तर ती तुटते. हे सगळे मंदाताईंनी त्याला सांगितले होते. प्लास्टिकची पट्टी उपचाराची वेळ सोडून रात्रंदिवस लावायची, वजन उचलायचे नाही, हात टेकून उठायचेही नाही.

पहिल्या प्रश्नाला देवरामने उत्तर दिले होते, "सायेब बोलले, मशीन तपासली, मशीन बरोबर हाय. माझाच हात चुकला."

"आणि तुला काय वाटतं?"

"सायेब शिकलेले हायेत."

त्यावर मंदाताई काय बोलल्या ते छापण्यासारखे नाही. आठवड्यांमागून आठवडे गेले. देवराम फार बोलत नसे, पण होडीवर त्याचा हात बसला. पुलावरचे वळण तो अनामिकेने घेऊ लागला. एके दिवशी होडी कुठेही न आपटता फेरी पुरी झाली तेव्हा त्याने मागे वळून पाहिले आणि विचारले, "बाय, हा हातच ना माझा?" मंदाताई म्हणाल्या, "नाय, माझा उसना दिलाय. चल, पुढची फेरी." खोलीतले सगळे हसले. मी तेव्हा तिथे होतो. कारखान्यात पॅकिंगवर जागा देऊ, हात वाकला की ये, असे ठेकेदाराने त्याला सांगितले होते. सगळे त्या दोन बोटांवर होते.

होळीला मंदाताई सातपाटीला गेल्या. त्या सणाला त्या कधी कोळीवाड्याबाहेर राहिल्या नव्हत्या आणि त्यांची ती रजा दवाखान्यात सर्वांना वर्षाच्या सुरुवातीपासून ठाऊक असे. त्याच आठवड्यात एका देणगीदाराने दिलेले नवे संगणक आले. जुनी पेटी भंगारवाल्याला गेली. पालघरच्या परेश नावाच्या संगणक दुरुस्ती करणाऱ्या तरुणाने ती जाण्याआधी त्यातला गेम काढून घेतला, कारण व्यवस्थापकांनी तसे सांगितले होते. देणगीदारांना तोच दाखवायचा होता.

नव्या यंत्रावर तो गेम चालवणे सोपे नव्हते. परेशने मला नंतर सविस्तर सांगितले. आधी गेम सुरूच होईना. तो आपली मूळ सीडी मागत होता आणि नव्या पेटीत सीडीची खाच नव्हती. मग सुरू झाला तर रंग उलटे, इमारती हिरव्या. जुन्या काळच्या ग्राफिक्स कार्डाची भाषा नव्या कार्डाला कळत नव्हती, म्हणून मध्ये एक दुभाषा बसवावा लागला. सगळे जमल्यावर त्याने होडी चालवून पाहिली. चित्र इतके गुळगुळीत की त्याने व्यवस्थापकांना बोलावून दाखवले. "सर, एकदम मख्खन," असे तो म्हणाला. होडी जोरात पळते हे त्याच्या लक्षात आले होते. नवे यंत्र आहे, पळणारच, असे त्याला वाटले.

तिथेच चूक होती. तो गेम घड्याळ पाहून चालत नव्हता. प्रत्येक चित्र काढले की होडी एक पाऊल पुढे, असा त्याचा हिशेब होता. जुने यंत्र मुळात थोडीच चित्रे काढू शके, म्हणून होडी शहाण्यासारखी चालायची. नवे यंत्र त्याच वेळात कितीतरी पट चित्रे काढत होते. सर्वात संथ पातळीवरची होडी गोफणीतल्या दगडासारखी सुटत होती.

शुक्रवारी देणगीदार आले. गुच्छ झाले, भाषणे झाली. खेळातून उपचार कसा होतो हे दाखवण्यासाठी देवरामला खुर्चीत बसवले. पुढचे मला तिथे हजर असलेल्या दोघांनी स्वतंत्रपणे सांगितले. दोन्ही तपशील जुळतात. होडी सुटली आणि पहिल्याच भिंतीवर आपटली. देवरामने पुन्हा सुरू केली. पुन्हा आपटली. तिसऱ्यांदा त्याने डाव्या हाताने उजवा हात दाबून धरला. पाहुण्यांपैकी कोणी तरी हसले. व्यवस्थापकांनी त्याच्या पाठीवर थोपटले आणि पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "हात अजून चुकतोय त्याचा. वेळ लागतो." टाळ्या पडल्या. देवराम उठला, चहा न घेता गेला.

शनिवारी तो उपचाराला आला नाही. दवाखान्यातून कोणीही त्याला फोन केला नाही.

सोमवारी मंदाताई आल्या. खुर्चीत बसल्या, डोळे मिटले, फेरी सुरू केली. होडी आपटली. डोळे उघडून पुन्हा सुरू केली, पुन्हा आपटली. त्यांनी उपस्थितीचे रजिस्टर पाहिले, शुक्रवारी या खुर्चीत कोण बसला होता आणि कोण काय बोलले ते शिपायाला विचारले आणि संगणकाच्या वायरी उपटल्या. मी दुसऱ्या बातमीसाठी दवाखान्यात होतो, त्यामुळे व्हरांड्यातले मी स्वतः पाहिले.

"बसा, साहेब."

"मॅडम, हा काय प्रकार आहे? यंत्राची किंमत माहीत आहे का?"

"हाय माहीत. बसा. तुमचे दोन्ही हात शाबूत हायेत ना? बसा मग."

व्यवस्थापक बसले. मला वाटते, रांगेत साठ डोळे त्यांच्याकडे पाहत नसते तर बसले नसते. होडी सुटली आणि आपटली. रांगेतून कोणी तरी हळूच म्हणाले, "गेली."

"पुन्हा," मंदाताई म्हणाल्या.

पुन्हा आपटली.

"हात चुकतोय तुमचा, साहेब. वेळ लागतो. पट्टी बांधू का?"

रांगेत हसू फुटले. व्यवस्थापक उठायला लागले. मंदाताईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना परत खाली बसवले.

"जोडलेल्या दोरीचा माणूस हाय तो. दोन महिने मी त्याला शिकवलं, तुझा हात बरा हाय. तुमी चहा थंड व्हायच्या आत ते पुसलंत. परेशला कुणी विचारलं, किती जोरात पळवायची? मला फोन लावायला सातपाटी काय समुद्रापलीकडं हाय?"

परेशला बोलावून घेतले. काय झाले ते त्याला लगेच उमगले आणि त्याचा चेहरा पडला. चित्रांचा वेग बांधून घालण्यासाठी एका फाइलमध्ये एक आकडा लिहावा लागतो. चहा उकळायला लागतो तेवढ्यात ते झाले. मंदाताईंनी डोळे मिटून फेरी मारली. होडी परत आली. त्या परेशवर ओरडल्या नाहीत. "आता बरोबर हाय," एवढेच म्हणाल्या. परेश मला पुढे म्हणाला की त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

देवरामचा फोन बंद होता. शेजारच्या पाड्यावरचा एक जण सापडला, त्याने सांगितले की देवराम बायकोच्या माणसांबरोबर वाड्याकडच्या वीटभट्टीवर गेला. मंदाताईंनी माझ्याकडे पाहिले. "गाडी हाय ना तुझी? काढ."

मनोरच्या पुढे रस्ताभर त्या माझ्या मोटारसायकलवर मागे बसून बोलत होत्या. व्यवस्थापकांना, देणगीदाराला, ठेकेदाराला, मला, गाडी खड्ड्यात घातली म्हणूनही मला. भट्टी आली तशा गाडी नीट थांबायच्या आत उतरल्या.

देवराम कच्च्या विटा वाहत होता. दोन्ही हातांनी. प्लास्टिकची पट्टी झोपडीच्या कुडाला खोचलेली होती. मंदाताईंना पाहून त्याने विटा खाली ठेवल्या आणि हात पाठीमागे घेतला.

"इकडं आण."

त्याने हात पुढे केला.

"मधलं वाकव." वाकले. "आता शेजारचं."

अनामिका सरळ राहिली.

"कधी?"

"परवा. कट्‌कन वाजलं. दुखलं नाय फार."

"देवराम, तुला मी काय सांगितलेलं? वजन उचलायचं नाय, काय सांगितलेलं?"

"बाय, हात गेलाच हाय म्हटलं. समद्यांनी बघितलं. मग पट्टी कशाला? बसून कोण खायला देतंय?"

"ती मशीन चुकीची होती रे! मशीन चुकली, तुझा हात नाय!"

देवरामने त्यांच्याकडे पाहिले. त्याला ते खरे वाटत नव्हते, हे दिसत होते. समजूत घातल्यासारखा तो म्हणाला, "बाय, नवी मशीन ती. ती कशी चुकंल?"

मंदाताई विटांच्या थप्पीवर बसल्या. मग उठल्या, कुडातली पट्टी काढली, पदराने पुसली आणि त्याच्या हाताला बांधली. भट्टीचा मुकादम बघायला आला होता. त्याला म्हणाल्या, "याला मी नेतेय. हिशेब नंतर येऊन करेन, आणि माझा हिशेब तुला झेपणार नाय." मुकादम वाटेतून बाजूला झाला. देवरामला मध्ये आणि स्वतः मागे बसून, तिघे एका मोटारसायकलवर, आम्ही बोईसरला आलो. वाटेत पोलिसाने अडवले. मंदाताई त्याच्याशी काय बोलल्या ते इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आले नाही. त्याने सोडून दिले.

संस्थेने चौकशी केली. अहवालाप्रमाणे संगणक योग्य स्थितीत होता, गेम सुरू होता आणि रुग्णाने वैद्यकीय सूचनांचे पालन केले नाही. मंदाताईंना यंत्र परवानगीशिवाय हलवल्याबद्दल आणि वरिष्ठांशी असभ्य वर्तनाबद्दल लेखी माफी मागायला सांगितले. त्या व्यवस्थापकांच्या खोलीत जाऊन तोंडी म्हणाल्या, "मागते. आधी मशीनला सांगा देवरामची मागायला. तिच्या मागोमाग मी." लेखी काही दिले नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर त्यांचा करार संपला. तो वाढवण्यात आला नाही. निरोपाचा कार्यक्रम झाला नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी जाळ्याच्या सुया, रबरी चेंडू आणि खोलीतला आरसा नेला. ते सामान त्यांचे स्वतःचे होते. या सगळ्या प्रकाराची बातमी मी दिली होती. ती 'उपचारादरम्यान रुग्णाच्या हाताला पुन्हा दुखापत' अशा मथळ्याने, आतल्या पानावर आली. मंदाताईंनी ती मला वाचून दाखवली नाही.

सातपाटीत त्यांनी एका मच्छीमार सोसायटीची रिकामी खोली घेतली. परेशने स्वतःच्या दुकानातला एक संगणक तिथे आणून बसवला आणि चित्रांचा वेग बांधून दिला. बोईसरचे रुग्ण तिथे येतात. एसटीचा प्रवास लांबतो, तरी येतात. बोईसरच्या दवाखान्यातली हात-उपचार खोली कुलूपबंद आहे, तिथे नवीन थेरपिस्टची नेमणूक झालेली नाही.

ठेकेदाराने पॅकिंगची जागा दुसऱ्याला दिली. देवराम आता केळव्याच्या एका सुपारीच्या वाडीत पाणी सोडायचे काम करतो आणि दर गुरुवारी सातपाटीला जातो. दुसऱ्या शस्त्रक्रियेला त्याने दोनदा नकार दिला आहे. मधले बोट तळव्याला टेकते. अनामिका वाकत नाही.